यंदा पानावर बिडी नाही

मामंजी,

चार ओळी लिहायला तुम्हीच शिकवलंत, म्हणून तुम्हालाच लिहिते. पडवीत पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचात आणि मधेच बिडी पेटवून आणायला मला चुलीशी धाडायचात. एकदा विझू नये म्हणून मी झुरका मारला, तर केवढे ओरडलात. "निखाऱ्यावर धर. तोंडाला लावलीस तर माहेरी पाठवीन." स्वतः मात्र शेवटपर्यंत सोडली नाहीत. खोकून खोकून छातीचा पिंजरा झाला, तरी उशाखाली बंडल होतंच.

तुम्ही गेल्यापासून दर पितृपक्षात तुमच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि कडेला पेटवलेली बिडी ठेवते. तिच्याशिवाय कावळा शिवत नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक. यंदा नातीने अडवलं. नववीत आहे, यष्टीने रत्नागिरीला जाते. वर्गातली काही पोरं शाळेच्या दगडी गडग्यामागे बिड्या ओढतात. मास्तरांच्या छडीने काही झालं नाही, तेव्हा हिने आणि हिच्या सोबत्यांनीच ठरवलं, मधल्या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बसायचं, बोलायचं, सोडवायची. मी म्हटलं, तुझ्या पणजोबांनी ब्रह्मदेवाचंही ऐकलं नसतं. पण एकदोघांनी कमी केली म्हणे. मग आपल्याच वाडीतल्या एकाने तिला सगळ्यांदेखत सुनावलं, आधी पणजोबाची सोडव, तुमच्याकडे मेलेल्यालाही बिडी लागते. पोरगी घरी येऊन जेवली नाही. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला आता काय व्हायचंय? तर म्हणते, "त्यांना नाही गो आजी. मला उद्या शाळेत जायचंय."

नाही ठेवली. कावळा येऊन माडावर बसला, खाली उतरेना. मुलगा म्हणाला, ठेव एक, कशाला हट्ट. नात यष्टी चुकेल म्हणून मागे बघत बघत निघाली. ती गेल्यावर मी हात जोडले. "मामंजी, जन्मभर कुणासाठी सोडली नाहीत, आता पोरीसाठी सोडा." तुम्ही कसले ऐकताय. दुपार कलली, तेव्हा पान गाईला घातलं.

संध्याकाळी तिने दारातूनच विचारलं. मी म्हटलं, शिवला. मुलाला डोळ्यांनीच गप्प केलं. दुसऱ्या दिवशी तिने ते वर्गात सांगितलं, आणि वाडीतल्या त्या पोराने खिशातल्या बिड्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. आता ती मला रोज त्याची खबर देते, आणि मी मान हलवते.

हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा? राहील माझ्या ट्रंकेत. पुढल्या वर्षीही बिडी ठेवणार नाही. पण तुम्ही उपाशी गेलात त्या दिवशी मीही जेवले नाही, मामंजी. घरात सांगितलं, पित्त झालंय.