धर्मशाळेच्या उंबऱ्यावरचा पहिला नारळ

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. बाळला तर नाहीच. धाकटा भाऊ असून मलाच शहाणपण शिकवतो.

शीळफाट्यापुढच्या गावात आजेसासऱ्यांनी बांधलेली काळ्या दगडाची धर्मशाळा आहे. ट्रस्टी आता मी एकटीच उरले. तीस वर्षं कुलूप. तिथे को-वर्किंग हब काढणार. टेबलं, वाय-फाय, शांतता. गावातल्या मुलांनी कामासाठी लोकलला लोंबकळत का जावं? बाळ म्हणतो, कुलूप का लागलं ते आधी विचार. विचारायचं काय त्यात? कॉलेजची रजिस्ट्रार होते. संपावरच्या शिपायांना नुसत्या नजरेने कामाला लावलंय.

६ जानेवारी
गावात जाऊन आले. कारण कळलं. पालखीच्या दिवशी धर्मशाळेच्या उंबऱ्यावर पहिला नारळ फोडायचा मान कोणाचा, धाकू भोईरांच्या घराचा की सीताराम पाटलांच्या? त्यावरून डोकी फुटली आणि दोघांनी दारावर आपापलं कुलूप ठोकलं. हात्तिच्या. एका मीटिंगचं काम. किल्ल्या दोघांनीही दिल्या, म्हणजे वातावरण अनुकूल आहे.

धाकूंची नात रुचिता भेटली. घरून एका कंपनीचं कस्टमर सपोर्ट करते. पुढे कोंबडे, मागे पिठाची गिरणी. ग्राहक तक्रारी करतात. एक फेब्रुवारीपर्यंत शांत जागा मिळाली नाही तर नोकरी जाणार. नोकरी गेली की आजोबांनी बघितलेलं भिवंडीचं स्थळ. तिला सांगितलं, पंचवीसला उद्घाटन, तुझं टेबल खिडकीपाशी. माझा शब्द आहे. तिने फक्त मान हलवली. मुली अबोल झाल्यात हल्ली.

११ जानेवारी
मीटिंग चांगली झाली. अजेंडा झेरॉक्स काढून वाटला होता. मुद्दा पहिला, ‘प्रास्ताविक’, तिथेच सीतारामांच्या पुतण्याने धाकूंच्या मुलाच्या नाकावर ठोसा मारला. रक्त अजेंड्यावर. मी शिट्टी वाजवली, कोणी लक्ष दिलं नाही. मोठी शिट्टी आणणे.

१५ जानेवारी
चिठ्ठी टाकली. लोकशाही मार्ग. चिठ्ठी धाकूंची निघाली. सीतारामांनी ती तोंडात टाकली आणि चावायला लागले. पुरावा नष्ट होतोय म्हणून धाकूंच्या मुलाने त्यांच्या तोंडात बोटं घातली. सीतारामांनी तीही चावली. टाके पडले. मग लाठ्या निघाल्या. शिस्त राहावी म्हणून मी छत्री उलटी धरून एकाच्या पाठीत दोन दिल्या. तो आपला इलेक्ट्रिशियन निघाला. काम अर्धवट टाकून गेला. कामावर निष्ठा म्हणून राहिलेली नाही लोकांची.

२० जानेवारी
खुर्च्या आल्या. फिरत्या, पाठीला जाळी असलेल्या. राउटर बसला. नारळावर तोडगा सापडला: दोन नारळ, दोन माणसं, एक शिट्टी. बाळ म्हणाला, ताई, दोन नारळ एका क्षणी फुटत नसतात. त्याला नियोजन कधीच कळलं नाही.

२५ जानेवारी, दुपार
उद्घाटन झालं म्हणायला हरकत नाही. शिट्टी वाजवली. सीतारामांचा नारळ फुटला. धाकूंचा तीन वेळा आपटूनही नाही. धाकू म्हणाले, सीतारामने आधीच चिरलेला आणला. सीताराम म्हणाले, म्हाताऱ्याच्या मनगटात जोर नाही. धाकूंनी नारळ फेकला. सीताराम वाकले. राउटर फुटला, नारळ तसाच.

पुढे खुर्च्या. त्या वजनाला हलक्या आणि पकडायला सोयीच्या आहेत, हे कॅटलॉगमध्ये लिहिलं नव्हतं. एकाला तर खुर्चीत बसल्या जागी पायऱ्यांवरून सोडून दिलं. पोलिसांची जीप येईपर्यंत मीही दोघांचे कान पिळले होते. तेवढं चालतं. रुचिता विचारत होती, काकू, मग उद्यापासून येऊ का? म्हटलं, दोन दिवस दे.

२८ जानेवारी
मूळ चूक लक्षात आली. मान दोघांतल्या कोणाला दिला की दुसरा बिथरणारच. तेव्हा कोणालाच द्यायचा नाही. सकाळी जाऊन मीच नारळ फोडला. एका फटक्यात. तंत्र लागतं.

गाव जमलं. पहिल्यांदाच कोणी बोलेना. मला वाटलं, पटलं. मग धाकू आणि सीताराम शेजारी शेजारी येऊन उभे राहिले. धाकू म्हणाले, “बाय, तुमी मधी परू नका. नारल आमचा, मान आमचा, मारामारीपन आमचीच.”

टेबलं रस्त्यावर आली. काचा फोडल्या. मी पर्स फिरवली, सीतारामांच्या कानशिलावर बसली. तेव्हा दोन्ही घरच्या पोरांनी मिळून मला खुर्चीसकट उचललं आणि टेम्पोत ठेवलं. दाराला एकच कुलूप लागलं, दोघांचं मिळून. यंदा नारळ धाकूंचा, पुढच्या साली सीतारामांचा, असं तिथल्या तिथे ठरलंही. तीस वर्षांचं भांडण मी मिटवलं. आभार मानायचं कोणाला सुचलं नाही.

रुचिता लॅपटॉप छातीशी धरून उभी होती. मी हात केला. तिने केला नाही.

३१ जानेवारी
सकाळी बेल. दारात रुचिता. म्हणाली, “काकू, उद्या एक तारीख आहे. शब्द तुमचा होता.”

समजावणार होते. परिस्थिती, टप्पे, दुसरा फेज. तोवर बाळने जेवणाच्या टेबलावरचा लोणच्याचा ट्रे उचलून तिला लॅपटॉपसाठी प्लग दाखवला होता.

९ फेब्रुवारी
ठाण्यात, नौपाड्याला आमच्या घरच्या हॉलमध्ये आता रोज चौघं येतात. रुचिताची नोकरी टिकली, स्थळ पुढे ढकललं. गावातले श्रिया आणि मितेश तिने आणले, तेही घरून काम करणारे. चौथा सीतारामांचा पुतण्या, ठोसेवाला. अत्यंत हळू आवाजात बोलतो. बाळ चहा करतो आणि त्याला सगळे काका म्हणतात.

आज मी येण्याजाण्याची वेळ लिहिण्याबद्दल सूचना देत होते. रुचिताने माइकवर हात ठेवला आणि अगदी नम्रपणे म्हणाली, काकू, आत बसता का? कॉल चालू आहे.

स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आहे. बॉलपेनचा खटका बाहेर ऐकू जातो म्हणून पेन्सिलीने लिहिते आहे.