गाडी ताईच्या नावावर

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींची गाडी काल बोटीतून उतरली. इतकी वर्षं लोकांच्या परदेशी गाड्या बंदरातून सोडवतोय, पास करून नंबर लावून देतोय, पण आपलं माणूस गेल्यावर त्याची गाडी सोडवायची वेळ पहिल्यांदाच आली. गाडी धडधाकट आहे. मागच्या दारावर एक ओरखडा आहे, तो बोटीवरचा की भाऊजींचा, हे तूच सांग.

पुढचे दिवे बदलावे लागतील, कारण तिकडच्या दिव्यांचा झोत इकडे समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वेगाचा काटा मैलांत आहे, तोही किलोमीटरचा हवा. कायमचं परतणाऱ्याच्या गाडीचं स्टिअरिंग उलट्या बाजूला असलं तरी चालतं, तेवढी मेहेरबानी आहे. हिने तुझी खोली झाडूनपुसून ठेवली आहे आणि रोज विचारते, ताई कधी येणार. तुझ्या पत्रात गाडीची तारीख असते, तुझी नसते. मी काय सांगू?

कागदपत्रं लगेच पाठव. लोभ आहेच, तो वाढवायचं तुझ्याकडे.
तुझा,
बारक्या

१७ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

कागदपत्रं सोबत आहेत. ओरखडा यांचाच. दुकानाच्या खांबाला गाडी घासली आणि घरी येऊन खांबालाच नावं ठेवली. तो घालवू नकोस.

मी लेकीकडे आहे. जावई भला आहे, रोज सकाळी झोप लागली का विचारतो आणि मी लागली म्हणते. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत येरझारा चालतात. बॅग भरते, पुन्हा रिकामी करते. परवा लेक वैतागून म्हणाली, आई, एक तर जा, नाहीतर बस. मला दोन्ही जमत नाही.

पोरांना जवळ घे, तुझ्या बायकोला आशीर्वाद.
तुझी,
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घोळ झाला आहे आणि तो माझाच आहे. गाडी अजून भाऊजींच्याच नावावर आहे! कायमचं राहायला येणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावावरचीच गाडी आणता येते. येणारी तू आणि गाडी त्यांची, म्हणून फाइल अडली. गिऱ्हाईक दारात आलं की पाणी विचारायच्या आधी मी विचारतो, गाडी कुणाच्या नावावर? तुलाच तेवढं विचारलं नाही. भाऊजींची गाडी म्हणजे भाऊजींची, त्यात विचारायचं काय, असंच डोक्यात बसलेलं.

तिकडच्या कार्यालयात जाऊन वारस म्हणून गाडी तुझ्या नावावर करून घे. मुदतीत झालं नाही तर गाडी परत पाठवावी लागेल. रागावलीस तरी पत्र लिही.
तुझा,
बारक्या

९ एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद वि. वि.

बँकेतून यांचं नाव मीच काढलं. घर विकताना घरावरून काढलं, विजेच्या बिलावरून काढलं. दारावरची पाटी स्क्रू फिरवून मीच उतरवली. प्रत्येक खिडकीपाशी सही करायची आणि वर थँक्यू म्हणायचं. आता एक हीच जागा उरली आहे जिथे ते अजून मालक आहेत. तिथून मी त्यांना हलवणार नाही.

परवानगी देणाऱ्या साहेबांना विचार, यांच्याच नावावर नंबर मिळतो का. एवढ्या लोकांची कामं करतोस, बहिणीचं एक कर.
ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. साहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, उद्या गाडीने कुणाला धडक दिली तर आम्ही धरायचं कुणाला?

मी चिडलोय, म्हणून लिहितोच. भाऊजींना म्हातारपणी इकडे यायचं होतं. तू गाडी पाठवलीस आणि मनाशी म्हटलंस की त्यांना पोचवलं. स्वतः मात्र तिकडेच थांबलीस. बंदराच्या आवारात ती धूळ खात उभी आहे. रोज एक चक्कर मारतो, टायरवर उगाच लाथ मारून परत येतो. ती परत गेली तर तूही कायमची तिकडेच राहशील, ही मला धास्ती आहे. गाडीचं मी एक वेळ सोडून देईन.

उलट बोललो असेन तर कान पकडायला तरी ये.
तुझा,
बारक्या

२ मे

चि. बारक्यास,
आशीर्वाद वि. वि.

सही केली. खिडकीमागच्या मुलीने नवा कागद हातात दिला आणि त्यावर माझं नाव वाचून मी मागे वळून पाहिलं, जणू दुसरंच कुणी उभं असावं. आधी बाबांचं घर होतं, मग यांचं. माझ्या नावावर आजवर एकही वस्तू नव्हती आणि तशी इच्छाही कधी झाली नव्हती. बाहेर येऊन बाकावर बसून खूप रडले.

तारीख विचारू नकोस. यांच्याशिवाय तिथे येऊन मी करू काय, हे अजून कळत नाही.

माया आहे तशीच ठेव.
तुझी,
ताई

२१ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी पास झाली! नंबर लागला. तपासणीवाल्याने विचारलं, कुणाची? मी म्हटलं, ताईची.

आनंदात एकटाच ती घरी घेऊन निघालो, तिथे फजिती झाली. चालवणारा फुटपाथच्या बाजूला बसतो, त्यामुळे पुढे मोठी गाडी असली की समोरून काय येतंय ते दिसतच नाही. पलीकडच्या सीटवरच्या माणसाने बघून सांगायचं, आता पुढे काढ. पलीकडे कुणीच नव्हतं. वाळूच्या एका ट्रकमागे सबंध रस्ता रांगत आलो. मागचे हॉर्न मारून शिव्या घालत होते आणि मला एकदम रडूच फुटलं. हिला म्हटलं, तू बसत जा शेजारी. ती म्हणाली, ती जागा ताईंची, मी नाही बसणार.

तर आता सांग, मी किती दिवस ट्रकमागे राहू?
तुझा,
बारक्या

३० मे

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र लेकीला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि ट्रकपाशी येऊन कागद तिच्या हातात दिला. पुढचं तिने वाचलं. मग ती माझी बॅग भरायला बसली.

चौदा जूनचं तिकीट काढलं आहे. विमानतळावर गाडी घेऊन ये, पण आल्यावर किल्ली माझ्याकडे द्यायची. परवाना असूनही यांनी ही गाडी मला कधी चालवू दिली नाही, म्हणायचे तू घाबरतेस. घाबरत होतेच, अजूनही घाबरते. म्हणून तू पलीकडे बस. समोर मोकळं आहे की नाही ते बघ आणि मला सांग. काढायची की नाही, ते मी ठरवीन.

बाकी बोलणं वाटेत.
तुझी,
ताई