भुवईवरचा अंगठा

सबाह अल-सालेम, कुवेत
ऑक्टोबर २००८

प्रिय मुमताजआपा,

अशरफभाई शुक्रवारी सुट्टीवर हर्णैला निघालेत. त्यांच्याबरोबर तुझ्यासाठी खजूर, अम्मीसाठी गुडघ्याचे पट्टे आणि हे पत्र पाठवते आहे. फोन हाताशी असताना ही पत्र काय लिहीत बसलीय, असं तुला वाटेल. गेल्या चार महिन्यांत मी फोनवर आलेच नाही, दरवेळी आमची ज्ञानदा ‘ममा इज स्लीपिंग’ म्हणून तुला वाटेला लावते, त्यामुळे तू रागावली असणार. राग खुशाल ठेव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. मला तुझ्याशी थोडं भांडायचंय, पुष्कळसे आभार मानायचेत आणि एक मागणंही मागायचंय.

भांडण आधी उरकते. दिवाळी झाली की तुला कुवेतबाहेर सहा महिने पूर्ण होतील आणि तुझा इकामा आपोआप रद्द होईल. मग पुन्हा व्हिसा, पुन्हा मेडिकल, पुन्हा सगळी पळापळ, आणि एवढं करून या वयात इथे राहायचा परवाना परत मिळेलच असं नाही. साबीरभाई बायको कधी येणार म्हणून विचारून विचारून थकले. तू त्यांना अम्मीचे गुडघे सांगतेस. अम्मीचे गुडघे मी तुला ओळखायला लागले तेव्हापासून दुखताहेत, आपा. ते कारण माझ्यापाशी चालायचं नाही.

मी नाशिकहून इथे आले त्याला आता चौदा वर्षं होतील. जहऱ्याच्या हॉस्पिटलातला माझा पहिला आठवडा तुला आठवत असेल. एका म्हाताऱ्या बाईची शीर काही केल्या सापडेना, ती अरबीत बोंबलत होती आणि मी रडायच्या बेतात होते. तू आलीस, तिच्या कपाळावर हात ठेवून ‘शुवय शुवय, यम्मा’ म्हणालीस आणि तिला कळायच्या आत सुई आत गेलेली होती. हळूहळू, आई, एवढाच त्याचा अर्थ. माझं अरबी तिथून सुरू झालं. पुढे ज्ञानदाच्या बाळंतपणाच्या वेळी आलोक रिफायनरीच्या शटडाउनमध्ये अडकला होता, आणि माझ्या उशाशी आईच्या जागी तू होतीस. तेव्हा मी तुला धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. घरच्या माणसाला कुठे म्हणतो आपण?

क्लिनिकचं वेडही तुझंच. सरकारी नोकरी सोडून आपण सुरकुत्या घालवायची इंजेक्शनं द्यायला निघालो तेव्हा वॉर्डातल्या बायकांनी काय कमी टिंगल केली होती? लायसन्स डॉक्टर हनादींचं, चेहऱ्यावरच्या खुणा त्यांच्या, सुया आपल्या दोघींच्या. दुबईच्या कोर्सहून परतल्यावर आपण सराव म्हणून मिठाचं पाणी टोचून ठेवलेली संत्री साबीरभाईंनी सोलून खाल्ली आणि फळवाल्याशी भांडून आले, हे आठवलं की मला अजून हसू आवरत नाही. नवरा दिवाणीयात गप्पांच्या बैठकीला गेला की हळूच येणाऱ्या आपल्या त्या बायका! अबाया उतरवून ठेवायच्या आणि आपल्याजवळ मन मोकळं करायच्या. आजाऱ्याची सेवा सोडली याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं. पण तुझ्या हाताखाली त्या डोळे मिटून घ्यायच्या ते पाहिलं, आणि सेवा म्हणतात ती हीच, हे पटलं.

आणि मग उम्म बद्र, आपल्या त्या बायकांतलीच एक. आपा, आपण याबद्दल कधी धड बोललो नाही, आता मी बोलते. वॉर्डातल्या नर्सचा हात सुई काढली की जागा चोळतोच. आयुष्यभर आपण तेच केलंय, गाठ येऊ नये म्हणून. इथे मात्र चोळायचं नाही, औषध सरकतं आणि भलताच स्नायू सैल पडतो. हे तुला पाठ होतं. पण त्या दिवशी ती मुलीच्या लग्नाचं सांगता सांगता रडायला लागली, तू तिला समजावत होतीस, आणि तुझा अंगठा आपला आपण तिच्या भुवईवर फिरला. पाचव्या दिवशी पापणी खाली आली. लग्न तोंडावर. ती ओरडली, आणि तिचं ओरडणं चूक नव्हतं. तू रोज थेंबांची बाटली घेऊन तिच्या दारात गेलीस. लग्नात ती काळा चष्मा लावून बसली. आठवड्याभरात तू तिकीट काढलंस. विमानतळावर तू मला म्हणालीस, “आता या हातानं मी कुनाच्या तोंडाला सुई लावनार नाय, गो.”

बातमी ही की उम्म बद्रची पापणी कधीच जागेवर आलीय. ईदच्या आधी ती आली होती. नवी मल्याळी नर्स लीना तिच्या पुढ्यात उभी राहिली, तर ही तिच्याशी हसून बोलली, कॉफी प्यायली, आणि मुमताज येईल तेव्हा मीही येईन असं सांगून निघून गेली. लीनाचा हात चांगला आहे, उगाच नावं ठेवत नाही. पण रोज दारात येऊन शिव्या खाणारी बाई तिला दुसरी भेटलेली नाही.

हे सगळं मी मागच्या खोलीच्या दाराआडून ऐकलं. हल्ली मी तिथेच असते. सामान मागवते, ट्रे लावते, पुढे जात नाही. तू गेलीस त्यानंतर महिन्याभरात एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडातून खाली गळलं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. घाबरू नकोस, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजली होती आणि बरीचशी भरूनही आली. पण हसले की तोंड अजून उजवीकडे ओढलं जातं, आणि प, ब, म नीट उमटत नाहीत. तुझं नावच धड येत नाही ओठांवर, म्हणून फोन नाही. तुला कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी आली असतीस, पण माझी कीव करत, हे मला नको होतं. साबीरभाईंनाही मी शपथ घातली होती. आता डॉक्टर हनादी म्हणतात की उजव्या बाजूला थोडं औषध दिलं तर तिची ओढ सैल होईल आणि चेहरा सारखा दिसेल. त्या स्वतः द्यायला तयार आहेत, लीनाही आहे. मी दोघींना नाही म्हटलंय. माझ्या तोंडाला सुई लागेल तर तुझ्याच हातानं. चुकलीस तर आणखी थोडी वाकडी होईन, सवय झालीय. दिवाळीच्या आधीचं तिकीट काढ. खुर्चीत मी बसलेली असेन.

तुझीच धाकटी,
प्रणिता