चारच्या आधी गेलेली यादी

३ नोव्हेंबर
आज औशाच्या केंद्रावर कामाला लागले. निलंग्याहून येस्टीत खिडकीची जागा मिळाली, म्हणलं शकुन चांगला हाय. काम सोपं. निराधार पगार घेणाऱ्या बायांनी वर्षातून एकदा आपण जित्या हाव असं दाखवायचं. यंत्रावर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की यादीत ‘हयात’. चारला यादी आपोआप लातूरच्या हापिसाला जाती. पुनम कंप्युटर बघती, मी बायांना बसवते. बघू, यंदा कोण कोण टिकलं, म्हणलं तर बोळक्या तोंडानं लई हसल्या. माझंबी नाव, केवळाबाई, यादीत हाय, पण मी शेवटी. घरची बाई आधी जेवती का?

५ नोव्हेंबर
थट्टेनं पार्वतीबाईची पानाची चंची यंत्रामागं लपवली. म्हणलं, बस शोधत, मला कुठं घाई हाय. म्हातारी शोधत बसली. चाराला पाच कमी असताना अंगठा लावला, हिरवा दिवाबी लागला. पण यादी आधीच गेलेली. तिच्या नावापुढं ‘मयत, ६ तारीख, सकाळी ९:१०’. मी म्हणलं, पार्वताक्का, उद्या नऊपर्यंत पोटभर खाऊन घे. ती हसली. चंची द्यायची राहिलीच.

६ नोव्हेंबर
पार्वतीबाई स्टँडावर बसल्या जागी गेली. नऊ दहाची लातूर गाडी तेव्हाच फलाटाला लागली होती.

७ नोव्हेंबर
लातूरहून अश्वजित आला, कंप्युटर दुरुस्त करणारा. त्याचं म्हणणं, इथलं घड्याळ लातूरच्या घड्याळाच्या सात मिनिटं मागं हाय, म्हणून अंगठे चढायच्या आधीच अर्धी यादी निघून जाती. त्यानं घड्याळं जुळवली. आता पुनमनं ‘पूर्ण’ची खूण केल्याबिगर यादी हालणार न्हाई. दुसऱ्या दिवसाची तारीख कशी आली विचारलं, तर चष्मा पुसत बसला.
म्हणजे दोन मिनिटांची चूक. अन् उशीर मी केलेला.

१० नोव्हेंबर
पुनमनं खूण केली नव्हती. यादी तीन वीसलाच गेली. रांगेत राहिलेली सरजाबाई, मयत, ११ तारीख, दुपारी १२:४०.
उद्या सकाळपासून तिला दवाखान्यात नेऊन बसवते.

११ नोव्हेंबर
बारा चाळीस. तिचा हात माझ्या हातात होता.

१२ नोव्हेंबर
अश्वजितला फोन लावला. म्हणला, ‘पूर्ण’ची खूण तुमच्याच यंत्रावरून झाली, अंगठ्यानं. कुणाच्या, विचारलं. त्यानं कंप्युटरात नाव हुडकलं. मग म्हणला, मावशी, ही पार्वतीबाई कोण?

१३ नोव्हेंबर
उरलेल्या सगळ्या बायांचे अंगठे सकाळीच उरकले. सगळ्या हयात. एकीचीबी थट्टा केली न्हाई.
माझा तेवढा यंत्र घेईना. धुतला, पुसला, तेल लावलं. लाल दिवा.
यादी गेली. केवळाबाई, मयत, आज, ४:००.
पुनमनं वायर उपटली अन् माणसं बोलवायला पळाली.

चाराला सहा कमी. यंत्रामागून चंची काढली. आतला चुना अजून ओला —

तीन कमी. डाव्या हातानं लिहून राहिले. उजवा अंगठा यंत्रावर. उचलत न्हाई. खालून कुणीतरी अंगठा लावून —

हिरवा. नाव माझं न्हाई.
कानापाशी पानाचा वास.
“बस शोधत,” ती म्हणली. “मला कुठं घाई हा—