चौथ्या मजल्यावरचं पाणी

बुलढाणा, ९ मे

प्रिय स्वरदा,

तुझे चार मेसेज आले, एकालाही उत्तर दिलं नाही. रागावली असशील, तो तुझा हक्कच आहे. चौथ्या मजल्याचा नकाशा पाठवायला मला दोन मिनिटं लागली असती आणि त्यावाचून तुझं नागपूरचं चौदा मजल्यांचं काम अडलंय हेही ठाऊक होतं. पण नकाशासोबत काही सांगायचं होतं, ते फोनवर तोंडातून निघेना. आज मन हलकं आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी आपण दोघींनी आखलेल्या इमारतीची बातमी. नऊ मजले उभे आहेत, कुठे गळत नाही, घरं भरलीत. पावसाचं पाणी टाकीत यायचं बाकी आहे, तेव्हा त्याबद्दल आत्ताच फुशारकी मारत नाही. पण मधला, चौथा अख्खा मजला सगळ्यांसाठी मोकळा सोडायचा, हा तुझा हट्ट कामी आला बघ. घाटावरचा वारा तिथून आरपार जातो आणि दुपारी तीनपर्यंत बऱ्याच घरांत कूलर लावावा लागत नाही. फक्त आपल्या बिल्डरला तिथे अजून चार फ्लॅटच दिसतात. येतो, कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि "रिकामाच दिसतो की मॅडम," म्हणून जातो. मजला ओस पडला तर तो भिंती घालणार, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

मार्चमध्ये बाबांना वरवट बकालहून इथे आणलं. माझं घर सहाव्या मजल्यावर. "इतक्या वर राहाले मी काय पाखरू हाय का?" म्हणून दोन दिवस धुसफुसले. मग चौथा मजला सापडला आणि तिथेच रमले. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस तो, माझ्या प्रत्येक खांबावर हात फिरवून पाहिला. दोन ठिकाणी प्लास्टर फुगलंय म्हणाले. फुगलंय खरं.

आता पाण्याचं सांगते. त्या मजल्यावर पिण्याच्या पाण्याची जागा तू मधोमध दाखवली होतीस. मी ती दोन टोकांना दोन केली, पूर्वेला एक कट्टा आणि पश्चिमेला एक, प्रत्येकावर चार माठ. मधोमध नेलं तर पाइपाला उतार मिळत नाही, असं मी तुला सांगितलं आणि तू लगेच मानलंस. लोक राहायला आले, आणि पंधरा दिवसांत पूर्वेचं पाणी एकांचं झालं, पश्चिमेचं दुसऱ्यांचं. कुणी पाटी लावली नाही की कुणाला अडवलं नाही. कोण कुठल्या बाजूला, ते तुला लिहून सांगायला नको. माठ भरणारी बनाबाई एकदा सहज विचारून गेली, "ताई, तुमच्याकडचे आधी भरू का त्यांच्याकडचे?"

बाबा दोन्हींकडे जात नसत. मधल्या बाकावर घरची बाटली घेऊन बसायचे. एक दिवस म्हणाले, "समता, पाणी दोन जागी काऊन ठेवलं वं?" मी त्यांनाही उताराचंच सांगितलं. त्यांनी एकदा पाइपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाटलीचं झाकण लावलं.

रहिवाशांच्या पुढच्या सभेत मी सगळ्यांना सांगितलं की दोन्ही कट्टे काढून पाणी मध्ये एकाच जागी ठेवायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाटलं, जिंकले. पण आठ दिवस त्या माठांना कुणाचा हात लागला नाही. सगळे घरून बाटल्या आणू लागले, आणि काही जण तर मजल्यावर यायचेच बंद झाले. बिल्डर त्या आठवड्यात दोनदा येऊन गेला. पाणी रोज ओतून द्यावं लागतं म्हणून बनाबाईही वैतागली, तेव्हा बाबा उठले आणि म्हणाले, "उद्यापासून मी भरतो." तुम्ही भरलंत तर आता कुणीच पिणार नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. त्यांना ते कळलं असणार. "नाई पिले तं झाडाले टाकू," एवढंच म्हणाले.

मग कुरडयांचा दिवस आला. तुझ्या त्या पुढे काढलेल्या सज्ज्यावर कडक ऊन पडतं, म्हणून सात-आठ घरच्या बायकांनी तिथे एकत्र घाट घातला. चीक शिजवणं, सोऱ्या दाबणं, सगळ्या घामाघूम. दुसऱ्या मजल्यावरच्या शरयूकाकू, ज्यांचे यजमान पौरोहित्य करतात, उठून थेट बाबांपुढे आल्या. "भाऊ, हात चिकानं भरलेत हो. जरा वरून ओता ना," म्हणाल्या आणि तोंड वर करून उभ्या राहिल्या.

स्वरदा, बाबा लहानपणी गावच्या विहिरीवर ओंजळ धरून वाट बघत उभे राहायचे, कुणीतरी वरून ओतेपर्यंत. आयुष्यात एकदाच त्यांनी मला ते सांगितलं होतं. त्यांनी तांब्या उचलला तेव्हा मी लांबून बघत होते. काकू अर्धं पाणी अंगावर सांडत घटाघटा प्यायल्या आणि "अजून" म्हणाल्या. मग बाकीच्या बायकाही तशाच येऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "त्या बाईच्या काही ध्यानातच नव्हतं वं. तिले निस्ती तहान लागली होती." आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मी मात्र सरळ रडले, लाज वाटली नाही.

आता माठ दिवसातून दोनदा भरावे लागतात. परवा बिल्डर आला, त्यालाही कुणीतरी तळलेली कुरडई हातात दिली. भिंतींचं काही बोलला नाही.

आता जे फोनवर निघत नव्हतं ते. पाइपाला उतार मधोमधही मिळत होता, मी तुला खोटं सांगितलं. एकाच माठाचं पाणी लोक पिणार नाहीत, भांडतील, आणि मग त्यात माझ्या माणसांचा अपमान होईल, या भीतीनं मी आधीच दोन जागा करून ठेवल्या. कुणी मागितलं नव्हतं, मीच वाटणी करून दिली. तुला खरं सांगायचं तर मी कुणाला भिते, हे त्यांच्यातल्याच तुझ्या डोळ्यांत बघून सांगावं लागलं असतं. ते जमलं नाही, माफ कर. तू जुना नकाशा जसाच्या तसा मागितलास. तो मी पाठवणार नाही. सोबतचा नवा आहे. यात पाणी एकाच जागी आहे. नागपुरात ते हवं तिकडे हलव, पण स्वरदा, दोन करू नकोस.

उशीर केला तरी तुझीच,
समता