रिकामं पारडं

१० फेब्रुवारी
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.
रॉकेट उडालं आणि खालीही नीट उतरलं! तुम्ही विचारलं होतंत, अंधार मोजायला एवढा खटाटोप कशाला? बाबा, ताऱ्यांमधलं आकाश काळं दिसतं, पण अगदी काळं नसतं. आपल्या आकाशगंगेपलीकडे आजवर जेवढे तारे पेटले, त्या सगळ्यांचा उजेड तिथे मिसळलाय. लालच्याही पुढचा, डोळ्यांना न दिसणारा. आपली हवाच तशा उजेडानं चमकते, म्हणून दुर्बीण सात मिनिटं हवेच्या वर पाठवायची. मग सूर्याभोवतीच्या धुळीचा उजेड वजा, जवळच्या ताऱ्यांचा वजा. उरेल तो लांबचा. आणि उरलाय अपेक्षेच्या दुप्पट! साहेबांचे पाय जमिनीला लागत नाहीत.
शोधनिबंध छापायला गेला, की वीस एप्रिलला घरी. दोनदा शब्द फिरवला, या वेळी नाही. चांगली दोन महिने राहीन.
तुमचं अक्षर हल्ली ओळ सोडून पळतं. घाईत लिहिता का?
मायेत कसर नको.
तुमचं मापटं

३ मार्च
चि. मापट्यास अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र शेजारच्या शिंप्याकडून तीनदा वाचून घेतलं. आता मला पाहिलं की तो दार लोटून घेतो. तुझी खोली झाडून घेतली, खिडकीची कडी बदलली.
एक शंका आहे. पन्नास वर्षं मी तराजू दुरुस्त केले. कुठलाही काटा आला, की आधी रिकामी पारडी तोलायचो. पासंग, म्हणजे रिकाम्या पारड्यांतला फरक, कळल्याशिवाय वजन खरं कळत नाही. तुम्ही यंत्र रिकामं तोललंत ना? आणि कुठे? एका सराफाचा काटा माझ्या दुकानात चोख चालायचा, त्याच्या भट्टीशेजारी ठेवला की फिरायचा. त्यापायी मी तोंडघशी पडलोय.
डोळे ठीक आहेत. जिवाला जप.
बाबा

२५ मार्च
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.
तुमच्या प्रश्नानं आमची झोप उडवली. दुर्बिणीचं झाकण मिटून रिकामं माप घेतलं होतं, पण जमिनीवर, उड्डाणाआधी. वर जाताना हवेला घासून रॉकेट तापलं, आणि त्या उबेचाही तसाच उजेड असतो. वर गेल्यावर झाकण मिटून बघायचं कुणालाच सुचलं नाही. आता मोजलेल्या उजेडातला आकाशाचा किती नि आमच्या रॉकेटच्या उबेचा किती, सांगता येत नाही. निबंध मागे घेतला. पुढचं उड्डाण चौदा महिन्यांनी, तोवर सगळी तयारी नव्यानं, सुट्टी नाही. साहेब तुमच्यावर चिडलेत, आणि नमस्कारही सांगितलाय.
म्हणजे वीस एप्रिल रद्द. मला घरी यायचं होतं हो, बाबा.
एक विचारू? पत्रावर तारीख तीन, पाकिटावर शिक्का बाराचा. मधले नऊ दिवस ते कुठे होतं?
रागावू नका, आठवण ठेवा.
मापटं

२ एप्रिल
चि. मापट्यास आशीर्वाद.
मी सांगतोय, शिंपी लिहितोय.
नऊ दिवस पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं. शंका खरी निघाली तर तू येणार नाहीस, हे लिहितानाच कळलं होतं. रोज टपालपेटीपर्यंत जायचो आणि तसाच परत यायचो. खोट्या काट्यावर आयुष्यात कुणाला फसवलं नाही, पण लेकीला बघायच्या हावेनं माझाच काटा हलला. शेवटी स्वतःची लाज वाटली.
शिंपी म्हणतो, खरं सांगा नाहीतर मीच लिहितो. डावा डोळा गेला. उजवा फार तर तीन महिने, आणि इलाज नाही. आवाजावरून तुला ओळखीनच. चेहरा बघायचा होता, एवढंच. तू काम नीट कर.
आहे तिथे सुखी राहा.
बाबा

९ एप्रिल
ती. बाबा,
मोठ्या अक्षरात लिहितेय, तुम्हीच वाचा, शिंपीकाकांना त्रास नको. चौदा महिन्यांतले दोन मी साहेबांकडून मागून घेतले. तो उजेड कोट्यवधी वर्षं चालत आलाय, जरा उशिरानं मोजला तर रुसणार नाही.
अठराला येतेय, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच. या वेळी खिशात काही ठेवू नका. खिडकीपाशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडा, माझ्या तोंडावर ऊन येईल अशा. मी हलणार नाही. तुम्ही डोळे भरून बघून घ्या.
बाकी समोर बसून.
तुमचं मापटं