राखणदाराचा वाटा

दिंडोरी, २८ मार्च २०२४

ती. प्रतिभाताईस,
बहिरूचा शि. सा. न. वि. वि.

फोन कालच्या मारामारीत फुटला, म्हणून भाजीच्या टेम्पोबरोबर ही चिठ्ठी आणि आपला डांबऱ्या तुझ्याकडे नाशिकला उपचाराला पाठवतोय. शेजारच्या गोटीरामने कुत्र्याला विष घातलं, ताई! माझ्या बकऱ्यांमागे धावतो, एक दिवस संपवीन, असं तो म्हणालाच होता. काल डांबऱ्या बांधावर ओकत पडलेला आणि याचा हात त्याच्या तोंडात. माझं डोकंच फिरलं. फावड्याच्या दांड्याने असा हाणला की हाताचं हाड बाहेर आलं, दात पडले, बांधावर रक्तच रक्त. लोकांनी ओढलं नसतं तर तिथेच पुरला असता.

डॉक्टरांकडून विषाचं लिहून घे. डांबऱ्या गेला, तर गोटीरामचा दुसरा हातही ठेवत नाही.

तुझा बहिरू

नाशिक, ३० मार्च

चि. बहिरूस अ. आ.

फावड्याला हात लावायच्या आधी हे शेवटपर्यंत वाच. विष नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. स्वादुपिंडाला सूज आहे. सारखं ओकणं, पोट कडक होणं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरून कण्हणं, सगळं त्यामुळेच. सलाईन आणि दुखण्याची, उलटीची इंजेक्शनं चालू आहेत. धोका टळलेला नाही.

एकदम भरपूर चरबी खाल्ली की असं होऊ शकतं म्हणाले. मला लगेच आपला बोकड आठवला. द्राक्षांचा खुडा संपला की बोकड कापायचा आणि चरबी बागेच्या राखणदार कुत्र्याला, हे बाबांपासून चालत आलंय. यंदा किती घातलीस? त्यासाठी माणसाचा हात मोडलास मेल्या! लाज वाटते मला तुझी. तरी जेवत जा.

तुझी ताई

दिंडोरी, २० एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

परातभर घातली. मीच, लाडाने.

पोलिसांनी धरलं होतं; जामिनावर सुटल्यावर गोटीरामला बघायला दवाखान्यात गेलो. त्याची बायको कुसाबाई चप्पल घेऊन धावली. चार-पाच बसल्या, मी हललो नाही. गोटीराम दात पडलेल्या तोंडाने म्हणाला, की तो डांबऱ्याचं तोंड उघडून पाणी पाजत होता. तक्रार मागे घेणार नाही म्हणाला. मी घे म्हणालोही नाही.

आता त्याच्या बागेची छाटणी मी करतोय. तो बांधावर खुर्ची टाकून शिव्या घालतो. तू डांबऱ्याला बरा करून पाठवलास, त्याला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे भात आणि बिनचरबीची उकडलेली कोंबडी थोडी थोडी देतो. पण ताटली गोटीरामच्या खुर्चीखालीच ठेवावी लागते, तिथेच खातो.

काल गोटीरामने त्याला पाणी पाजलं. उजवा हात गळ्यात, म्हणून डाव्या हाताने. मी बांधाच्या अलीकडे उभा राहून बघत होतो.

राग धर ताई, माया तेवढी तोडू नकोस.

तुझा बहिरू